मिरचीची पट्टी वाचू या

नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ मोठी आहे. हंगामात ओली लाल मिरची गाड्या भरभरून येते. व्यापारी ती पथारीवर पसरून वाळवतात. आपल्यातले कितीतरी जण तिथे माल नेतात. पण पोरांना बरोबर कोण नेतो? 'त्यांना शाळेचं गणित करायचंय,' असे आपण म्हणतो. अहो, शाळेचे गणित तर तिथे काट्यावरच असते!

समजा, तुमची मिरची 3 क्विंटल 40 किलो भरली. भाव ठरला क्विंटलला 2,400 रुपये. एक क्विंटल म्हणजे 100 किलो. म्हणजे किलोला 24 रुपये पडले. 3 क्विंटलचे झाले 7,200. वरच्या 40 किलोचे 960. एकूण 8,160 रुपये. हमाली, तोलाई वजा होते ती वेगळी. एवढा हिशेब तुम्ही चालता चालता तोंडी करता.

पण हेच वजन पट्टीवर 3.40 असे लिहितात. मधल्या टिंबाला शाळेत दशांश चिन्ह म्हणतात. आता लिहिणाऱ्याच्या हातून 3.04 असे पडले तर? आकडे तेच, शून्याची जागा तेवढी बदलली. पण 3.04 म्हणजे 3 क्विंटल 4 किलो. 36 किलो मिरची कागदावरून नाहीशी झाली! 864 रुपये गेले. तोंडी हिशेब करणाऱ्या बापाच्या नजरेतून ते शून्य निसटते. शाळेत जाणाऱ्या मुलीला ते दिसते. पण क्विंटल म्हणजे केवढे ओझे, हे तिला ठाऊक नसते. म्हणून पट्टी दोघांनी मिळून वाचावी.

आईचेही तसेच. 120 रुपये किलोची डाळ पावशेर घेतली, तर 30 रुपये झाले, हे ती चटकन सांगते. शेर कधीच गेला. 1958 पासून किलोचे माप येत गेले. तरी पाव किलोला आपण पावशेरच म्हणतो. पुस्तकात तेच 0.25 किलो असे छापतात. दुकानातला पावशेर तो हाच, हे मुलीला कोणी सांगतच नाही. जुन्या माणसांना पावकी, निमकी, दिडकी पाठ असे. घरात असे कोणी असेल तर म्हणायला लावा. पोरांना मोठी गंमत वाटते. घरी तुम्ही भिली बोला नाहीतर अहिराणी. हिशेब तोच येतो.

आज रात्री जुनी पट्टी काढा. मुलीला म्हणा, "वाच गं." ती अडखळली तर रागावू नका. मग हा हिशेब दोघांनी करा. मिरची 2 क्विंटल 5 किलो. भाव 2,400. पट्टीवर वजन कसे लिहाल? रुपये किती?