मुले असलेल्या घरासाठी कुत्र्याची निवड

दख्खनच्या पठारावर माणूस आणि कुत्रा यांची सोबत फार जुनी आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली जो ब्राँझचा रथ सापडला, त्याच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. खंडोबाच्या मूर्तीसोबत घोड्याप्रमाणे कुत्राही असतो. धनगरांच्या वाड्यावर तर तो आजही घरच्या माणसासारखा वावरतो. परंतु या सर्व ठिकाणी कुत्र्याला काम नेमून दिलेले होते आणि राहण्यास मोकळे रान होते. छत्रपती संभाजीनगरातील सिडको-हडको, गारखेडा किंवा वाळूज परिसरातील दोन-तीन खोल्यांच्या घरात आई-वडील दोघेही कामावर जातात, मुले शाळेतून एकटी परततात आणि वाढदिवसाला “कुत्रा आणा” असा हट्ट धरतात. तेथे प्रश्न वेगळाच असतो. छायाचित्र पाहून, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा केवळ प्रतिष्ठेपायी पिलू आणले जाते आणि वर्षभरात ते नकोसे होते. मग त्याला साखळीने बांधून ठेवतात किंवा दूर कोठेतरी सोडून देतात. यात हाल कुत्र्याचे होतात आणि धोका मुलाला पोहोचतो.

जात पाहावी, पण किती?

कुत्र्याची जात म्हणजे माणसाने एका विशिष्ट कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेली पैदास होय. साहजिकच जातीवरून शरीराचा आकार, केसांचे स्वरूप, धावण्याची वा राखणीची ओढ यांचा बराचसा अंदाज येतो. स्वभावाचा अंदाज मात्र पुष्कळच कमी येतो. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातील फरकापैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीने उलगडतो. उरलेला भाग त्या जनावराचा स्वतःचा पिंड, वय, लहानपणीचे संगोपन आणि मालकाची वागणूक यांवर अवलंबून असतो. तेव्हा “अमुक जात मुलांना कधीच चावत नाही” असे जो विक्रेता छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापासून सावध राहिलेलेच बरे.

हवामान आणि घर

मराठवाड्यात निवडीची पहिली कसोटी उन्हाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. म्हणून सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड यांसारख्या थंड प्रदेशातील दाट केसांच्या जाती येथे पाळणे म्हणजे त्या मुक्या जिवाला शिक्षाच आहे. बसक्या नाकाचा पग दिसायला गोजिरवाणा, मुलांशी बहुधा सौम्य आणि लहान जागेत मावणारा असला, तरी त्याची श्वासनलिका आखूड व चिंचोळी असल्याने उकाड्यात त्याचा जीव घाबरा होतो. दुपारच्या उन्हात मुले त्याला खेळवू लागली, तर उष्माघाताने तो दगावूही शकतो. आणखी एक गोष्ट व्यवहाराची आहे. शहरात नळाचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे. लांब केसांच्या कुत्र्याला वारंवार धुणे ज्या घरात शक्य नाही, त्या घराने आखूड केसांचाच कुत्रा निवडावा. गोचीड शोधणेही अशा कुत्र्यावर सोपे जाते.

नेहमीच्या पसंतीच्या जाती

मुलांचा सोबती म्हणून लॅब्राडॉरचे नाव सर्वप्रथम घेतले जाते आणि ते पुष्कळ अंशी सार्थही आहे. पाण्यात पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी ही जात वाढविली गेली. शिकवण लवकर घेणे व माणसाळलेपणा हे तिचे गुण आहेत. पण पूर्ण वाढलेला नर तीस किलोंच्या आसपास वा त्याहून अधिक भरतो आणि पहिली दोन-तीन वर्षे तो अत्यंत धसमुसळा असतो. दोन वर्षांचे मूल त्याच्या नुसत्या प्रेमाने आडवे होते. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ फिरविले नाही तर तो लठ्ठ होतो, मांडीच्या सांध्याचे दुखणे बळावते आणि दुखणारा कुत्रा चिडका बनतो. सहा-सात वर्षांपुढील मुले, फिरविण्यास वेळ असलेले एखादे प्रौढ माणूस आणि खाण्याचा खर्च झेपेल अशी प्राप्ती असेल, तेथे लॅब्राडॉर चांगला.

आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून जो पांढरा कुत्रा घरोघर दिसतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. तो काटक आहे, कमी खातो आणि राखणीस जागरूक असतो. मात्र ओढाताण त्याला मुळीच सहन होत नाही. कुत्रा लहान, म्हणून चावाही लहान, अशा समजुतीने पालक गाफील राहतात, हे चूक आहे. अल्सेशियन व डॉबरमन यांना शिक्षण आणि काम दोन्ही लागते. अननुभवी कुटुंबाने त्यांच्या वाटेस जाऊ नये. रॉटवायलर, पिटबुल इत्यादी २३ जातींवर बंदी घालण्याची सूचना केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने मार्च २०२४ मध्ये राज्यांना केली होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द ठरविले. कायद्याचा वाद काहीही असो, एवढ्या ताकदीच्या कुत्र्याची एकच चूक मुलाच्या जिवावर बेतू शकते, ही वस्तुस्थिती न्यायालयाच्या निकालाने बदलत नाही.

आपला कारवान आणि आपला गावठी

मराठवाडा, सोलापूर, कोल्हापूर आणि लगतचा कर्नाटक या भागांत कारवान ही शिकारी कुत्र्याची जात प्रसिद्ध आहे. लांबट तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि वाऱ्यासारखी धाव ही तिची ओळख. तांड्यांबरोबर हिंडणाऱ्या लोकांजवळचा कुत्रा म्हणून तिला हे नाव पडले. कान, शेपटी व पायांवर रेशमी झालर असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला आश्रय दिला, म्हणून तिकडे ती मुधोळ हाऊंड या नावाने ओळखली जाते. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. २०१६ मध्ये सैन्यदलाच्या मेरठ येथील केंद्राने या जातीची पिले प्रशिक्षणासाठी घेतली.

असा अभिमानाचा कुत्रा आपल्या घरी असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. ऊन त्याला सोसते, केस आखूड असतात आणि घरच्यांशी तो एकनिष्ठ राहतो. परंतु तो अलिप्त वृत्तीचा आहे. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि मुलांच्या घरात परकी मुले तर दिवसभर येत असतात. शिवाय पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करणे त्याच्या रक्तातच आहे. शेजारची कोंबडी, शेळीचे करडू वा मांजर त्याच्या तावडीतून सुटणे कठीण. पैठण, गंगापूर, वैजापूरकडील शेतवस्तीवर, कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत तो शोभतो. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत त्याला कोंडणे योग्य नाही.

राहिला गावठी कुत्रा. त्याला वंशावळीचा दाखला नसतो, म्हणून तो कोणी विचारात घेत नाही. वास्तविक येथल्या उन्हात, येथल्या भाकरीवर शतकानुशतके टिकून राहिलेला हा मध्यम बांध्याचा, आखूड केसांचा प्राणी आहे. मोठ्या जातींत आढळणारी सांध्यांची व श्वासाची दुखणी त्याच्यात क्वचितच दिसतात. वेळेवर उचललेले, माणसांच्या हाताखाली वाढलेले आणि लस टोचलेले गावठी पिलू हे मध्यम प्राप्तीच्या कुटुंबास सर्वांत उचित ठरावे. अंगणात राखण आणि घरात माया, ही दोन्ही कामे ते करते.

पिलू केव्हा व कसे आणावे

पिलाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक असतो. या अवधीत मुलांचे आवाज, धावपळ, सायकल, कुकरची शिटी यांची त्याला भीतीविना ओळख झाली, तर पुढे ते बुजत नाही. मात्र फार लवकर आईपासून तोडलेले पिलू दात कसे आवरावेत हे शिकतच नाही. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलाची विक्री करण्यास २०१७ च्या श्वानपैदास नियमांन्वये मनाई आहे. शक्य असेल तर पिलाची आई पाहावी. भित्र्या वा चिडक्या कुत्रीचे पिलू मुलांच्या घरात आणू नये. जंताचे औषध पिलू लहान असतानाच सुरू करावे, कारण कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात. पिसाळरोगाची लस तीन महिन्यांच्या सुमारास, पुन्हा पूरक मात्रा आणि त्यानंतर दरवर्षी द्यावी. महानगरपालिकेच्या हद्दीत नोंदणीही करून घ्यावी.

चावा कसा टळतो

लहान मुलांना होणारे पुष्कळसे चावे रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याचे नसून घरच्या वा शेजारच्या परिचित कुत्र्याचे असतात, आणि मूल बुटके असल्याने जखम तोंडावर व मानेवर होते. म्हणून पाच-सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा, मग तो कितीही गरीब असो, एका खोलीत एकटे ठेवू नयेत.

कुत्रा एकाएकी चावत नाही. तो आधी सांगत असतो. अंग ताठ करणे, तोंड फिरवून डोळ्यांचे पांढरे दाखविणे, भूक नसता जीभ ओठांवरून फिरविणे, झोप नसता जांभई देणे आणि शेवटी गुरगुरणे, ही त्याची भाषा आहे. हलणारी शेपटी नेहमी आनंदाचीच असते असे नाही. कित्येक घरांत गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारतात. त्याचा परिणाम असा होतो, की तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. गुरगुरला तर मुलाला बाजूला घ्यावे आणि कारण शोधावे. कुत्रा जेवत असता, झोपला असता किंवा पिलांजवळ असता त्याला हात लावू नये, त्याच्या गळ्यात मिठी मारू नये, अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळत न सुटता हात अंगाशी घेऊन, नजर खाली करून स्तब्ध उभे राहावे, हे शिक्षकांनी परिपाठाच्या वेळी प्रात्यक्षिकासह शिकविण्यासारखे आहे.

आणि चावलाच तर

जगातील पिसाळरोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संशयित जनावराच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय उरत नाही. त्याआधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही लावू नये. मांत्रिकाकडे जाण्यात वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शहरातील घाटी रुग्णालय गाठावे. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, हे पालकांनी आवर्जून विचारावे. दंडात दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवसापासून मोजता ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात. त्वचेत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवसाची मात्रा नसते. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही धास्ती अजून खेड्यांत आहे. ती जुनी लस २००४ च्या अखेरीस बंद झाली, हे ग्रामसभेत सांगण्याजोगे आहे. चावणारा कुत्रा घरचा असेल तर त्याला मारून न टाकता दहा दिवस नजरेखाली ठेवावे. मात्र तेवढे दिवस वाट पाहून मग मुलावर उपचार सुरू करणे हा जीवघेणा उशीर होय.

मुले चावा लपवितात. आवडता कुत्रा हाकलला जाईल किंवा आपल्याला मार बसेल, या भीतीने पायाचा ओरखडा चड्डीखाली झाकून मूल गप्प राहते. कुत्रा घरी आणण्याच्या पहिल्याच दिवशी आई-वडिलांनी मुलाला सांगून ठेवावे, की ओरखडा उठला तरी येऊन सांगायचे आणि त्याबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही, त्यालाही नाही आणि कुत्र्यालाही नाही.