शुक्रजंतूंचे शरीराबाहेरील आयुष्य : काही समज, काही गैरसमज

लेखाचे नाव वाचून काहीजण पान उलटतील, काहीजण ग्रंथालयाच्या कोपऱ्यात जाऊन वाचतील. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला, त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी परीक्षेच्या सुमारास डोंबिवलीहून लोकलने माझ्याबरोबर येणारी एक मैत्रीण एकाएकी गप्प झाली. तिची पाळी आठ दिवस लांबली होती. घर दोन खोल्यांचे, न्हाणीघर एकच, भावाचे नुकतेच लग्न झालेले. त्याचा ओला टॉवेल चुकून आपण वापरला, तेव्हा आपल्याला दिवस तर गेले नसतील, या भीतीने तिची झोप उडाली. कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने औषधाच्या दुकानातून गोळी आणून घेतली. त्या गोळीने पाळी आणखी पुढे गेली, भीती दुप्पट झाली आणि तिचे दोन पेपर बुडाले. टॉवेलाची गोष्ट ऐकून हसू येईल. पण बुडालेल्या पेपरांचे काय? आणि तिने विचारायचे तरी कोणाला?

महाराष्ट्रात असे प्रश्न विचारण्याची एक जागा एकेकाळी होती. विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ साली त्यांची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात सरळ उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटल्यात कर्व्यांना दंड झाला. परंतु शंका विचारणे हा गुन्हा नव्हे, हा त्यांचा आग्रह सुटला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वीर्य शरीराबाहेर पडल्यावरही गर्भ राहू शकतो, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. महाभारतात विभांडक ऋषींचे वीर्य पाण्यात पडते, ते पाणी हरिणी पिते आणि ऋष्यशृंग जन्मतो. भरद्वाजांचे वीर्य द्रोणात ठेवले जाते व त्यातून द्रोणाचार्य जन्मतात. कथा म्हणून त्या रम्य आहेत. शरीरशास्त्र मात्र निराळे सांगते.

लेव्हेनहूक या डच संशोधकाने १६७७ साली सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले. एका शुक्रजंतूची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. एका वेळच्या वीर्यात ते कोट्यवधी असतात. पण ही संख्या ऐकून घाबरू नये, कारण हा जीव फार नाजूक आहे. त्याला शरीराची ऊब, ओलावा आणि क्षारांचे ठराविक प्रमाण लागते. कापडावर, कातडीवर किंवा बाकावर पडलेले वीर्य वाळले की त्यातील शुक्रजंतू मरतात, आणि ते वाळायला सहसा काही मिनिटे पुरतात. वाळलेल्या डागावर पुन्हा पाणी पडले तरी ते जिवंत होत नाहीत. साध्या पाण्यात क्षार कमी असल्याने पाणी शुक्रजंतूच्या पेशीत शिरते, ती फुगते, शेपटी मुडपते आणि हालचाल थांबते. साबणाने तर तो टिकतच नाही. तरणतलावात क्लोरीन असते, पाणीही अफाट असते. शिवाय पाण्यातून वाट काढत तो कोणाच्या गर्भाशयापर्यंत पोहोचणे संभवत नाही. म्हणून टॉवेल, लोकलचे बाक, सामायिक संडास, पोहणे किंवा चुंबन यांमुळे दिवस जात नाहीत.

शरीराबाहेर तो टिकतो, पण माणसाने खास सोय केली तरच. उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेले शुक्रजंतू वर्षानुवर्षे टिकतात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली. त्यातही बीजांचे मीलन काचपात्रात झाले खरे, पण त्यासाठी शरीरासारखे पोषक द्रव आणि तापमान राखावे लागले. न्हाणीघरातल्या दांडीवर ही व्यवस्था नसते!

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण खोट्या भीतीइतकाच खोटा निर्धास्तपणाही घातक. बाहेर मिनिटांत मरणारा शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात, गर्भाशयमुखाच्या स्रावात अनुकूल दिवसांत पाच दिवसांपर्यंत जगू शकतो. स्त्रीबीज मात्र सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकते. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस व तो दिवस, असे सहा दिवस गर्भधारणेचे. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या पाहणीवरून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या काळातील एका दिवसाच्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता १० ते ३३ टक्के आढळली. पाळी अनियमित असेल तर हे दिवस बोटांवर मोजून सापडत नाहीत. वीर्य बाहेर सांडले म्हणजे धोका नाही, ही समजूतही चुकीची. या उपायावर विसंबणाऱ्या दर १०० जोडप्यांतील सुमारे २० जोडप्यांत वर्षभरात गर्भ राहतो. ओले, ताजे वीर्य योनिमुखाशी लागले तर संबंध न होताही गर्भ राहू शकतो. ही शक्यता थोडी, पण शून्य नव्हे.

असा खरा प्रसंग आला असेल तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. मात्र ती नेहमीचा उपाय नव्हे, आणि तिच्यामुळे पाळी मागेपुढे होऊ शकते. संबंधानंतर २१ दिवसांनी केलेली लघवीची तपासणी सहसा खात्रीचे उत्तर देते. संबंध आलाच नसेल तर लांबलेल्या पाळीची कारणे वेगळी : जागरण, उपासमार, ताण, थायरॉईड. परीक्षेच्या दिवसांत यातली तीन आपण स्वतःच ओढवून घेतो! कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच आहेत. डॉक्टरांना विचारायला लाज कसली?

माझ्या मैत्रिणीला अखेर डॉक्टरांनी तपासले आणि दोन वाक्यांत मोकळे केले. ती दोन वाक्ये तिला आधी कोणी सांगितली असती तर दोन पेपर वाचले असते. पुढच्या बाकावरची एखादी मुलगी किंवा मुलगा असाच गप्प बसलेला दिसला, तर हसू नका. जवळ बसा आणि जे ठाऊक आहे ते नीट सांगा. आपण शिकतो ते एवढ्यासाठीच.