हिमालयातले भूकंप-शिबिर: पालकांचा प्रश्न आणि चराची भिंत

भूशास्त्र घेऊन बीएस्सी करणारी मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत भूकंपांचा अभ्यास करायला हिमालयात जायचे म्हणते, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो नोकरीचा. प्रश्न रास्त आहे, पण तो शिबिराला विचारून उपयोग नाही. तिथल्या प्रमाणपत्राने कुणाला नोकरी लागत नाही. अपुऱ्या पुराव्यावरून, आपली खात्री किती हे तोलत निष्कर्ष काढण्याचा तिचा पिंड आहे का, एवढे मात्र शिबिरात कळते. एमएस्सीत आणखी दोन वर्षे घालण्याआधी ते कळलेले बरे.

भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या, आणि हिमालयात एकाच जागी मोठा भूकंप पुन्हा व्हायला शतके जातात. भारतीय भूखंडाच्या रेट्याने हा पर्वतपट्टा वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर आवळला जातो. तो ताण पूर्वी कधी मोकळा झाला, हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी जमिनीतच वाचावे लागते. भ्रंशाला, म्हणजे जमीन तुटून सरकते त्या रेषेला, आडवा चर खणतात, भिंत खरवडून साफ करतात, तिच्यावर दोऱ्यांची चौकट आखतात आणि वाळू-गोट्यांचा एकेक थर कागदावर उतरवतात. खालचा थर तुटलेला आणि वरचा अखंड असेल, तर भूकंप या दोहोंच्या मधल्या काळातला. थरांतल्या कोळशाचे कार्बन-१४ वय काढले तरी हाती काळाचा पट्टा येतो, तारीख नाही. हिमाचलातल्या काला अंब येथे अशाच चरातून जुने मोठे भूकंप उजेडात आले. उलट २०१५ साली नेपाळमध्ये ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप होऊनही पायथ्याची जमीन फाटली नाही. म्हणजे चर गप्प असला म्हणून भूकंप झालाच नव्हता, असे म्हणता येत नाही. वर्गात ही अडचण एका वाक्यात उरकते. शिबिरातल्या चरात मात्र दोघे जण एकाच भिंतीवर दोन वेगळ्या रेघा मारतात आणि भांडण मिटवायला पुस्तक नसते.

महाराष्ट्रात राहून हे कशाला, असे म्हणणाऱ्यांनी १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवावा. पठारावर हिमालयाइतका ठळक भ्रंश दिसत नाही, त्यामुळे इथे पुरावा आणखी तोकडा आणि तो तोलण्याची सवय अधिकच गरजेची. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा तर कराडलाच आहे. निव्वळ भूकंपांवर पोट भरणारे थोडे, हे मात्र मान्य करूनच पुढे जावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या भूवैज्ञानिकांच्या जागा यूपीएससीच्या परीक्षेतून भरतात, त्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते. बोगदे, धरणे, जलविद्युत प्रकल्प यांनाही जमीन वाचणारी माणसे लागतात. राहिली सुरक्षितता. हिमालयात भूकंपापेक्षा दरडींची आणि घाटरस्त्यांची धास्ती जास्त. शिबिर पावसाआधी संपते का, चराच्या भिंतींना आधार देतात का, मुलींच्या राहण्याची सोय काय, हे विचाराच. आणि रोजची नोंदवही कोण तपासतो, तेही. या शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आले, तर ती नुसती सहल समजा आणि पैसे वाचवा.