सँडब्लास्टिंग करवून घेताना

नागपूरच्या महाल भागातलं आमचं घर जुनं आहे. काळ्या दगडाचा चौथरा, वर विटांची भिंत, रस्त्याकडे लोखंडी कठडे आणि जड फाटक. घराची बाहेरची बाजू सँडब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या हवेने रेतीसारखे दाणे मारून, साफ करून घ्यायचं ठरलं, तेव्हा बऱ्याच ठेकेदारांशी बोललो आणि काम चालू असताना जवळ उभा राहिलो. त्यातून जे कळलं ते असं.

१. ब्लास्टिंग लोखंडासाठी आहे, दगड-विटांसाठी नाही.
ठेकेदार घराभोवती एक फेरी मारतो आणि सगळ्याचा एकच चौरस फुटाचा दर सांगतो. तिथेच त्याला थांबवावं. काळा दगड कठीण असतो, पण त्याच्या सांध्यांतला चुना माऱ्यापुढे टिकत नाही. वालुकाश्म त्याहून नाजूक. झिरो माइलचा खांब वालुकाश्माचा आहे, सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची १९४० सालची इमारतही वालुकाश्माचीच. अशा दगडाची वरची घट्ट पापुद्र्यासारखी बाजू गेली की आतला भुसभुशीत भाग पावसाला उघडा पडतो. अमेरिकेत ऐतिहासिक इमारतींच्या जतनासाठी १९७७ साली जी सरकारी मानकं आली, त्यांत सँडब्लास्टिंगला स्पष्ट मनाई होती.

२. आधी कोपऱ्यात नमुना मारून बघावा.
विटांवरही चालतं असा एका ठेकेदाराचा आग्रह होता. मी मागच्या भिंतीवर, न्हाणीघराच्या बाजूला, वीतभर जागा दाखवली. काळपटपणा गेला, वीट लालभडक निघाली आणि तो खूश झाला. मी बोट फिरवलं, तर बोटाला लाल भुकटी लागली. भट्टीत विटेची बाहेरची बाजू जास्त भाजते आणि तीच पाणी अडवते. पुढच्या पावसानंतर बाकीची भिंत वाळली तरी तेवढा तुकडा ओलाच होता. मग विटा साध्या पाण्याने, सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने धुऊन घेतल्या. अ‍ॅसिड वापरू दिलं नाही, कारण अ‍ॅसिड चुना खातं. भिंत नव्यासारखी झाली नाही, स्वच्छ झाली. जुन्या भिंतीकडून तेवढीच अपेक्षा धरावी असं माझं मत आहे.

३. जुन्या रंगात शिसं असतं असंच धरून चालावं.
घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या फाटकांवर शेंदरी प्रायमरचे थरावर थर असतात, आणि ब्लास्टिंगमध्ये त्यांची धूळ होते. फाटक काढून ठेकेदाराच्या शेडमध्ये नेता आलं तर उत्तम. जागेवरच करायचं असेल तर चारी बाजूंनी ताडपत्री हवी, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगायला हवं आणि विहीर झाकायला हवी. पडलेली भुकटी पोत्यांत भरून कोण नेणार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावं.

४. बिडाच्या वस्तू वेगळ्या सांगाव्यात.
नक्षीचे खांब, कठड्यावरची फुलं बहुधा बिडाची असतात. त्यांना दाब कमी आणि दाणा बारीक लागतो.

५. प्रायमर त्याच दिवशी.
ब्लास्ट केलेलं लोखंड करड्या चांदीसारखं दिसतं आणि तितकंच उघडं असतं. दमट हवेत काही तासांत त्यावर तांबूस झाक येते. म्हणून पावसाळ्यात हे काम काढू नये. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पत्रा इतका तापतो की रंग नीट बसण्याआधीच वाळतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस नागपुरात सगळ्यात बरे. ब्लास्टिंग एकाचं आणि रंग दुसऱ्याचा, अशी विभागणी करू नये. पत्रा गंजला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

६. रेती नको म्हणजे नकोच.
हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे आलेल्या एका ठेकेदाराने कन्हान नदीच्या रेतीची पोती उतरवली. नोझल धरणारा पोरगा विशीतला, तोंडाला उन्हात बांधतो तसा दुपट्टा. रेती लोखंडावर आपटून फुटते तेव्हा सिलिकाची इतकी बारीक धूळ होते की ती दुपट्ट्यातून आरपार जाते आणि फुप्फुसात तळाशी बसते. तिथून सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमधून रेती हद्दपार केली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातला, पण घराच्या फाटकापाशी कुठला निरीक्षक येणार? मी ते काम थांबवलं. नंतर रेतीऐवजी गार्नेट या खनिजाचे दाणे वापरणारा ठेकेदार मिळाला. दर बराच जास्त होता, तो दिला.

त्याच्या माणसाच्या डोक्यावर खांद्यापर्यंत येणारं हूड होतं, त्यात वेगळ्या फिल्टरमधून हवा येणारी नळी होती, आणि हँडल सोडलं की नोझल बंद पडत होतं. दाणे भरायच्या पॉटजवळ उभ्या असलेल्या मदतनिसालाही नीट बसणारा मास्क होता. काम देण्याआधी या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दिसल्या नाहीत तर कॉम्प्रेसर सुरू होऊ देऊ नका, फाटक आणखी एक वर्ष गंजलेलं राहिलं तरी चालेल.