रंगद्रव्याची संरचना संगणकाच्या पडद्यावर

भिवंडीची ओळख यंत्रमागांचे शहर अशी आहे. मागांच्या पाठोपाठ येथे सायझिंगचे व रंगणीचे कारखाने आले आणि गेल्या काही दशकांत काल्हेर, पूर्णा, राहनाळ यांसारख्या गावांच्या हद्दीत गोदामांची मोठी वसाहत उभी राहिली. कापडापासून रसायनांपर्यंत नाना प्रकारचा माल या गोदामांत येतो. रसायनाच्या पिंपावर पुष्कळदा केवळ व्यापारी नाव असते, आणि एकाच रंगद्रव्याला अशी अनेक नावे असू शकतात. पदार्थाची खरी ओळख पटते ती त्याच्या संरचनेवरून, म्हणजे रेणूतील कोणता अणू कोणाशी व कशा बंधाने जोडलेला आहे यावरून.

काँगो रेड या रंगाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १८८४ साली जर्मनीत पाउल ब्योटिगर यांनी तो तयार केला. रंगबंधकाशिवाय सुतावर थेट बसणारा हा पहिला कृत्रिम रंग असल्याने वस्त्रोद्योगात त्याचे मोठे स्वागत झाले. त्याच्या रेणूच्या मध्यभागी एकमेकांना जोडलेले दोन षट्कोन असतात. त्यांच्या दोन्ही टोकांना दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध, म्हणजे अ‍ॅझो बंध असतो आणि त्यापलीकडे नॅप्थॅलीनची जोडकडी. हे दोन अ‍ॅझो बंध तोडले आणि तुटलेल्या प्रत्येक नायट्रोजनला दोन हायड्रोजन दिले, की मधला तुकडा मोकळा होतो. तो तुकडा म्हणजे बेंझिडीन. मूत्राशयाचा कर्करोग निर्माण करणारा पदार्थ म्हणून तो कुप्रसिद्ध आहे. रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये हा रोग आढळतो, हे फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच नोंदविले होते. शरीरातही अ‍ॅझो बंध अशाच रीतीने तुटू शकतो. धोका आहे तो येथे.

जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर निर्बंध घातले. भारत सरकारनेही १९९० च्या दशकात बेंझिडीनवर आधारलेले ४२ आणि अन्य ७० अशा एकूण ११२ रंगांच्या हाताळणीस मनाई केली. या यादीतील लांबलचक नावे शिक्षकाला वा अधिकाऱ्याला पाठ होणे शक्य नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. संरचना समोर असली तर अ‍ॅझो बंध कोठे आहे आणि तो तुटल्यावर काय उरेल, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही दाखविता येते.

संरचना काढण्याचे काम पूर्वी प्लास्टिकचे साचे आणि शाई यांच्या साहाय्याने होत असे. १९८५ मध्ये केमड्रॉ ही संगणकीय आज्ञावली आली व हे काम सोपे झाले. परंतु ती विकत घ्यावी लागे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्राउझरमध्येच चालणारी साधने निघाली. पेटर एर्टल यांचे जावा भाषेतील साधन त्यांपैकी एक. पुढे ब्राउझरांनी अशा जावा जोडण्यांचा आधार काढून घेतला: क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. त्यामुळे काल चालणाऱ्या पानावर आज रिकामी चौकट दिसू लागली. एर्टल व ब्रुनो बियांफे यांनी २०१३ मध्येच जावास्क्रिप्टमधील नवी आवृत्ती सादर केली होती, म्हणून ते साधन टिकले. असा बदल न केलेली अनेक शैक्षणिक पाने मात्र निरुपयोगी झाली.

आज केचर हे खुल्या परवान्याचे साधन विनामूल्य मिळते. त्याच्या नव्या आवृत्त्यांत पेप्टाइडे व न्यूक्लिक आम्ले यांच्या लांब साखळ्या काढण्याची सोय झाली आहे. शाळेच्या दृष्टीने अधिक उपयुक्त सुधारणा वेगळीच आहे. रेखाकृती नीट मांडणे, सूत्र तपासणे ही कामे पूर्वी दूरच्या सर्व्हरकडे पाठवावी लागत. आता ती ब्राउझरमध्येच होऊ शकतात. साधनाची प्रत एकदा शाळेच्या संगणकावर ठेवली, की इंटरनेट खंडित झाले तरी तास चालू राहतो. कार्बनला पाच बंध दिल्यास ती चूक पडद्यावर लाल खुणेने दिसते. मात्र संयुजा बरोबर असलेला पण निसर्गात वा प्रयोगशाळेत न टिकणारा रेणू काढल्यास साधन काहीच बोलत नाही. तेथे शिक्षकच हवा.

साठवणुकीबाबत दक्षता घेणे इष्ट होय. केवळ चित्र जतन केले तर त्यातून पुन्हा रेणू मिळविणे कठीण जाते. मोल-फाइल या प्रचलित स्वरूपात तो जतन करावा. स्माइल्स या पद्धतीत रेणू अक्षरांच्या ओळीत लिहितात. इथेनॉल म्हणजे सी-सी-ओ. पण ओ-सी-सी असे लिहिले तरी पदार्थ तोच. निरनिराळी साधने, किंवा एकाच साधनाच्या दोन आवृत्त्या, एकच पदार्थ वेगळ्या ओळीने लिहू शकतात. म्हणून नोंदवहीत ताळा घेण्यासाठी इंची हे २००५ पासून उपलब्ध असलेले आंतरराष्ट्रीय बोधचिन्ह अधिक भरवशाचे ठरते.

पंचायतीच्या सदस्याला रेणू काढता येण्याची गरज नाही. गोदामचालकाकडून मालाचे सुरक्षितता माहितीपत्रक मागावे. त्यावर बहुधा घटकद्रव्यांचे सीएएस क्रमांक असतात. तो क्रमांक पबकेम या २००४ पासून चालू असलेल्या खुल्या संग्रहात घातला, की संरचना व धोक्याच्या खुणा समोर येतात. आग लागल्यास अग्निशामक दलाला हीच माहिती प्रथम लागते. पत्रकावर क्रमांक नसेल तर तो लेखी मागून घ्यावा.

अर्थात, पडद्यावरील संरचना कागदावरच्या नावाची असते; पिंपात तोच पदार्थ आहे याची ग्वाही ती देत नाही. शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. तेथे सोडियम डायथायोनाइटच्या साहाय्याने रंगातील अ‍ॅझो बंध प्रत्यक्ष तोडले जातात आणि मोकळे झालेले अमाइन उपकरणावर मोजले जाते.