मातीशी पडताळलेले ज्ञान: कृषी उच्च शिक्षणातील कृतिशील अध्ययन आणि मेकरस्पेस

प्रस्तावना

छत्तीसगडच्या मैदानी भागातील शेतकरी आपल्या जमिनींना चार नावांनी ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. उंचावरील मुरमाड व उथळ जमीन ती भाटा. तिच्या खालच्या उतारावरील पिवळसर, भाताची जमीन ती मटासी. तिच्याहून भारी ती डोरसा. आणि सखल भागातील काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी ती कन्हार. विदर्भातील काळ्या जमिनीशी कन्हारचे जवळचे नाते आहे. रायपूर परिसरात एकाच शिवारात, उतारानुसार, या जमिनी एकीखाली एक आढळू शकतात.

कृषी पदवीचा विद्यार्थी मृदाशास्त्राच्या तासाला या जमिनींचे शास्त्रीय वर्गीकरण शिकतो, जलधारणाशक्तीची व्याख्या लिहितो आणि परीक्षा उत्तीर्ण होतो. मात्र ऑक्टोबरमध्ये बांधावर उभा असलेला शेतकरी त्याला व्याख्या विचारत नाही. उभ्या भातात उतेरा पद्धतीने लाखोळी किंवा जवस आज फोकावे की आणखी चार दिवस थांबावे, हा त्याचा प्रश्न असतो. शेतात पाणी साचलेले असताना बी पडले तर ते सडते. ओल उडून गेल्यावर पडले तर उगवत नाही. सल्ला चुकल्यास किंमत शेतकरी मोजतो, सल्लागार नव्हे. म्हणून चुका करून शिकण्याची जागा महाविद्यालयातच असली पाहिजे. कृतिशील अध्ययन आणि मेकरस्पेस यांचे कृषी शिक्षणातील खरे प्रयोजन हेच आहे.

कृतिशील अध्ययन म्हणजे काय?

विद्यार्थ्याने केवळ ऐकणे व उतरवून घेणे याऐवजी तासाच्या वेळातच अंदाज बांधणे, चर्चा करणे, मोजणे, घडविणे आणि आपल्या चुकीचे कारण शोधणे, यास कृतिशील अध्ययन म्हणतात. व्याख्यानाला यात मज्जाव नाही; परंतु व्याख्यान हे साधन ठरते, साध्य नव्हे.

या पद्धतीच्या बाजूने भक्कम पुरावा उपलब्ध आहे. स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. निव्वळ व्याख्यानपद्धतीत अनुत्तीर्ण होण्याचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर कृतिशील पद्धतीत सुमारे २२ टक्के आढळले. हार्वर्ड विद्यापीठात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने महत्त्वाचा इशाराही दिला: कृतिशील वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो. स्वतः प्रश्न सोडविताना होणारी ओढाताण अज्ञानाची खूण वाटते. त्यामुळे आरंभीच्या काही आठवड्यांतील विद्यार्थ्यांच्या नाराजीने शिक्षकाने खचून जाऊ नये आणि पद्धतीमागील कारण वर्गाला पहिल्याच दिवशी सांगावे.

कृषी शिक्षणातील परंपरा

करून शिकणे ही कृषी क्षेत्राला नवी गोष्ट नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक हस्तव्यवसायाभोवती शिक्षणाची मांडणी करण्याचा विचार पुढे ठेवला. १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झालेल्या पहिल्या कृषी विज्ञान केंद्रापासून ‘करून शिकणे’ हे या केंद्रांचे मूलतत्त्व राहिले आहे. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या समस्येतून शेतकरी शेतीशाळा उभी राहिली. तेथे शेतकरी दर आठवड्याला शेतात उतरून कीड व मित्रकीटक मोजत, पिकाचे चित्र काढत आणि फवारणीचा निर्णय स्वतः घेत.

रायपूरला या संदर्भात स्वतःचा वारसा आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात येथूनच गावोगावचे स्थानिक भातवाण गोळा केले आणि त्यांच्याविषयीचे शेतकऱ्यांचे ज्ञानही नोंदवून ठेवले. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आज भाताच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. शेतकऱ्याला ज्ञानाचा केवळ ग्राहक न मानता स्रोत मानणे, ही या संग्रहामागील दृष्टी अध्यापनालाही लागू पडते.

कृषी पदवी अभ्यासक्रमात ग्रामीण कृषी कार्यानुभवाचा समावेश आहेच. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमात कार्यानुभव, अनुभवाधारित अध्ययन, प्रात्यक्षिक कौशल्य प्रशिक्षण, औद्योगिक प्रशिक्षण व विद्यार्थी प्रकल्प असे पाच घटक आले. ही तरतूद मोलाची आहे. तथापि तिचा मुख्य भाग पदवीच्या चौथ्या वर्षात येतो. तोवर विद्यार्थ्याची तीन वर्षे प्रामुख्याने टिपणे काढण्यात गेली असतील, तर गावात जाऊन तो निरीक्षणाऐवजी नोंदवहीचे रकाने भरतो. पहिल्या वर्षापासून लहान लहान कृतिपाठ देऊन ही दरी बुजविता येते.

मेकरस्पेस: पाबळचा अनुभव

जेथे विद्यार्थी हत्यारे, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, त्रिमितीय छपाईयंत्र, लेझर कटर यांसारख्या साधनांनी स्वतःची कल्पना वस्तुरूपात आणतो, त्या सामायिक कार्यशाळेस मेकरस्पेस म्हणतात. अशी कार्यशाळा महानगरातच शोभते हा समज महाराष्ट्रानेच खोडून काढला आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील निवासी अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे विषय प्रत्यक्ष कामांतून शिकविले जातात. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने येथे फॅब लॅब उभी राहिली. त्या संस्थेबाहेर स्थापन झालेल्या अगदी आरंभीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

पाबळपासून घेण्याजोगा धडा यंत्रांचा नाही, क्रमाचा आहे. तेथे गावाच्या गरजांवर काम करण्याची रीत वीस वर्षे रुजली होती. अद्ययावत यंत्रे त्यानंतर आली. अनेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी यंत्रखरेदी होते, मग उद्घाटन होते आणि त्यानंतर प्रकल्प शोधले जातात. अशा कार्यशाळेत नावाच्या पाट्या व किल्ल्या अडकविण्याची कडी छापली जाते; शेतीचा प्रश्न दाराबाहेरच राहतो.

नमुना पाठ: चार माती, एक संवेदक

पुढील पाठ कृषी महाविद्यालयात चार ते पाच तासिकांत घेता येईल. त्यासाठी धारितेवर चालणारा स्वस्त मृदा-ओलावा संवेदक, लहान मायक्रोकंट्रोलर फलक, वजनकाटा आणि उष्ण हवेची भट्टी एवढी साधने पुरेत. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५ आणि हवेचा १ असतो. मातीतील पाणी वाढले की संवेदकाची धारिता वाढते. या तत्त्वावर तो चालतो.

१. अंदाज: समान ओलाव्याच्या भाटा, मटासी, डोरसा व कन्हार मातीत संवेदक एकच आकडा दाखवील काय, हे प्रत्येक विद्यार्थ्याने कारणासह लिहून द्यावे. नंतर शेजाऱ्याशी चर्चा करून मत बदलल्यास तेही नोंदवावे.

२. जोडणी: तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटाने संवेदक जोडून हवेतील व पाण्यातील वाचन घ्यावे. पात्यावरील खुणेच्या वर पाणी जाऊ देऊ नये. संवेदकासाठी पाणी न शिरणारे वेष्टण गटाने स्वतः घडवावे.

३. अंशशोधन: वाळवून चाळलेली प्रत्येक माती १ किलो घ्यावी. दर टप्प्याला ५० मिलिलिटर पाणी मिसळून, माती समान दाबून वाचन घ्यावे. प्रत्येक टप्प्यातील थोडी माती काढून १०५ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत, साधारणतः २४ तास वाळवावी. डबीचे वजन वगळून ओली माती १३२ ग्रॅम व वाळलेली ११० ग्रॅम भरली, तर पाणी २२ ग्रॅम आणि वजनी ओलावा २२ भागिले ११०, म्हणजे २० टक्के होतो. हवेत वाळविलेल्या मातीतही थोडी ओल शिल्लक असते. त्यामुळे मिसळलेल्या पाण्यावर विसंबून न राहता भट्टीतील निष्कर्षच ग्राह्य धरावा.

४. आलेख: चारही मातींचे वक्र एकाच आलेखावर काढावेत आणि पहिल्या दिवसाचे अंदाज त्यांच्याशी ताडून पाहावेत.

५. शेतातील कसोटी: शेतकऱ्याने मूठभर माती दाबून, गोळा करून ओलीविषयी आपले मत आधी सांगावे, ते नोंदविल्यानंतरच संवेदकाचे वाचन घ्यावे. त्याच जागेचा नमुना भट्टीत तपासावा. तिन्ही उत्तरे शेजारी मांडावीत.

या पाठातून दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या हाती लागतात. पहिली, ओलाव्याचा आकडा आणि पिकाला मिळणारे पाणी एक नव्हे. २० टक्के ओलावा भाटा जमिनीत विपुल ठरेल. कन्हारमध्ये मात्र त्यातील मोठा वाटा चिकणमातीच्या कणांनी घट्ट धरून ठेवलेला असतो आणि मुळांना मिळत नाही. दुसरी, भेगाळलेल्या कन्हारमध्ये संवेदकाभोवती हवेची पोकळी राहिली तर ओली जमीनही कोरडी भासते. हे वाक्य पुस्तकात वाचून विसरले जाते. स्वतःचे यंत्र चुकल्यावर मात्र ते स्मरणात राहते. शेतकऱ्याची मूठ संवेदकापेक्षा बरोबर ठरली, तर तो पाठाचा पराभव नव्हे, त्याचे फलित होय.

शैक्षणिक तंत्रज्ञानाचे स्थान

मेकरस्पेसमधील कामाला वेळ लागतो आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे बंधन शिक्षकावर असते. येथे शैक्षणिक तंत्रज्ञान साहाय्यभूत ठरते. २०१७ पासून कार्यरत असलेल्या ‘स्वयम्’ मंचावरील व्याख्याने किंवा शिक्षकाने स्वतः ध्वनिचित्रमुद्रित केलेला दहा मिनिटांचा भाग विद्यार्थ्याने घरी पाहावा. तासिका मोजणी व चर्चेसाठी मोकळी राहते. भ्रमणध्वनीवरून घेतलेली लहान प्रश्नमंजूषा वर्गाची गफलत जागच्या जागी उघड करते. सामायिक तक्त्यात सर्व गटांची वाचने एकत्र भरल्यास एका गटाची चूक आणि मातीतील खरी तफावत यांतील भेद दिसू लागतो. केवळ फलकावरील मजकूर पडद्यावर दाखविणे हे मात्र तंत्रज्ञान असले तरी कृतिशील अध्ययन नव्हे.

मूल्यमापन आणि मर्यादा

जे तपासले जाते तेच विद्यार्थी गांभीर्याने शिकतो. अंतिम परीक्षा पूर्वीप्रमाणे व्याख्याच विचारीत असेल, तर मेकरस्पेस शोभेची ठरेल. म्हणून गुणांचा काही भाग आरंभीचा अंदाज, मोजणीची नोंद, चुकीचे निदान आणि सुधारणा यांना द्यावा. यंत्र चालले नाही, पण ते का चालले नाही हे पुराव्यासह सांगता आले, तर पूर्ण गुण मिळावेत. अन्यथा विद्यार्थी आकडे जुळवून आणण्यास शिकेल आणि संशोधनात याहून घातक सवय नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची लहानशी तोंडी परीक्षा घेतल्यास गटकार्यात मागे लपणाऱ्यालाही न्याय्य गुण देता येतात.

अडचणीही वास्तव आहेत. मोठ्या वर्गात साधने अपुरी पडतात; अशा वेळी गटांनी पाळीपाळीने काम करावे. सुटे भाग, हत्यारांची निगा आणि प्रशिक्षित कार्यशाळा सहायक यांसाठी दरवर्षी तरतूद नसेल, तर एकदाच केलेली खरेदी वाया जाते. धारदार हत्यारे व विद्युत उपकरणे यांच्या वापरापूर्वी सुरक्षिततेचे प्रशिक्षण अनिवार्य असावे. संवेदक बांधण्यात कृषी विद्यार्थ्याला अभियांत्रिकीची आणि माती समजण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कृषिशास्त्राची गरज भासते. रायपुरात कृषी विद्यापीठासह राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि जवळच बरोंडा येथे राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. संयुक्त विद्यार्थी प्रकल्पांसाठी इतकी अनुकूल स्थिती थोड्याच शहरांना लाभते.

निष्कर्ष

कृतिशील अध्ययनाचा आरंभ यंत्रखरेदीने नव्हे, तर शेतातून आणलेल्या एका नेमक्या प्रश्नाने व्हावा. अंदाज, घडण, मोजणी, चूक, सुधारणा आणि पुन्हा शेतात जाऊन पडताळणी, हा क्रम पूर्ण झाला तरच मेकरस्पेसला कृषी शिक्षणात अर्थ आहे. भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या भातपट्ट्यांतही उतेरा पिके घेतली जातात. तेथील महाविद्यालयांना हा नमुना पाठ स्थानिक मातीच्या नावांसह सहज राबविता येईल. प्रत्येक महाविद्यालयाने येत्या सत्रात एका विषयातील एका घटकापासून प्रारंभ करावा. प्रयोगशाळेत बिघडलेला संवेदक पुन्हा बांधता येतो. चुकीच्या सल्ल्याने गेलेला रब्बी हंगाम शेतकऱ्याला परत मिळत नाही.