अस्वल मारायला नको, ओळखायला शिका

प्रश्न : शेतालगतच्या जंगलात अस्वलं दिसतात. घरात कुणी शिकारी नाही. अस्वल मारायला स्वतःच कसं शिकू?
– एक वाचक, डोईफोडिया (जि. बऱ्हाणपूर)

उत्तर : हे मी शिकवणार नाही. अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होतो. फास लावणं हीसुद्धा शिकारच. स्वतःचा जीव वाचवताना अस्वल मेलं तर तो गुन्हा ठरत नाही; मात्र त्या वेळी तुम्ही काही बेकायदा करत असता कामा नये.

तुमची भीती मात्र खरी आहे. अस्वल माणूस खायला येत नाही. वाळवी, मुंग्या, मध, बोरं, जांभळं, मोहाची फुलं हे त्याचं खाणं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला आपणही त्याच झाडाखाली जातो आणि अचानक गाठ पडते. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी तर क्षणात अंगावर येते आणि बहुधा चेहऱ्यावर, डोक्यावर वार करते.

म्हणून उजाडल्यावरच निघा, तिघं-चौघं मिळून, मोठ्यानं बोलत. हातात काठी असू द्या. ताजं उकरलेलं वारूळ किंवा बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली की वाट बदला. अस्वल लांब असेल तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरा. धावू नका, ते तुमच्यापेक्षा वेगानं पळतं. अंगावर आलंच तर पालथे पडा, दोन्ही हातांनी मान झाका. आणि अस्वल रोजच शेतात येत असेल तर वनरक्षकाला लगेच कळवा.